लावताना, काढताना

सोमवार, ४ सप्टेंबर

ही वही पुरावा म्हणून सुरू करतो आहे. मला दैनंदिनी लिहायची हौस नाही; शाळेत निबंधसुद्धा मी शेजारच्याच्या वहीत डोकावून लिहायचो. पण बँडमधलं कोणीतरी माझ्या पेडलना हात लावतंय, आणि तोंडी सांगितलं की मेहुणा म्हणतो, "भावजी, तुम्हाला भास होतात." मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. ड्रम वाजवतो आणि बँड चालवतो, त्यामुळे डोकं फक्त आपल्यालाच आहे असं त्याला वाटतं. ठीक आहे. आता भास तारीखवार लिहून ठेवतो.

आधी वस्तुस्थिती. गिटारचा आवाज बदलणारी ही पेडल म्हणजे पायाने दाबायच्या लोखंडी डब्या. त्यांचे माझ्याकडे दोन बोर्ड आहेत. मोठ्या सभागृहासाठी मोठा: अकरा पेडल, उचलायला दोन माणसं, मांडायला अर्धा तास. हॉटेलातल्या कोपऱ्यासाठी छोटा: चार पेडल, खांद्याला अडकवून जिना चढता येतो. गोची अशी की हिरवं पेडल एकच आहे. गिटारला धार येते ती त्यातून, आणि तसलं आता कुठे मिळत नाही. त्यामुळे कार्यक्रम बदलला की हिरवं एका बोर्डवरून उपटून दुसऱ्यावर चिकटवायचं. खाली वेल्क्रोची पट्टी असते. पूर्वी ती निघताना चर्रर्र असा आवाज व्हायचा. हल्लीच्या पट्ट्या इतक्या रद्दी की आवाजसुद्धा करत नाहीत.

हिरव्यावर टोनचा नॉब आहे. तो आम्ही घड्याळासारखा वाचतो. बारावर असला की मध्यम, एक-दोन-तीन असा पुढे नेला की आवाज टोकदार होत जातो. वीस वर्षं मी तो बारावर ठेवला. आजपासून प्रत्येक कार्यक्रमाला दोन आकडे लिहायचे: लावताना किती होता, काढताना किती होता. मग बघू कोणाला भास होतात.

शनिवार, ९ सप्टेंबर

हॉटेल. छोटा बोर्ड. टोन लावताना एक, काढताना बारा.

घ्या. पहिल्याच दिवशी सापडलं. बाराऐवजी एकवर ठेवला होता, कारण हॉटेलने नवा गालिचा टाकलाय आणि गालिचा धार खातो. आवाज तपासून झाला की कपडे बदलायला आणि चहाला आम्हाला अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात बोर्ड एकटा असतो. वाजवताना आवाज बसका वाटत होता, मी म्हटलं स्पीकर भिकार आहे. सगळं आवरून हिरवं काढताना बघतो तर काटा बारावर.

तारा जुळवायचा ट्यूनर उजव्या टोकाला सरकवला, केबलला ताण पडत होता. आता बरं बसतंय.

मंगळवार, १२ सप्टेंबर

दाराची घंटा बदलली. बायको म्हणे वीस मिनिटं बाहेर उभी होती आणि मी आत गिटार पुसत बसलो होतो. नवी घंटाही तितकीच मरतुकडी. वीजवाल्याला परत बोलावून झापलं. त्याने तीनदा दाबून दाखवली आणि म्हणाला, "वाजतेय की हो." दुकानदाराचं कमिशन बोलत होतं.

शनिवार, १६ सप्टेंबर

मोठं सभागृह, मोठा बोर्ड. टोन लावताना दीड, काढताना बारा.

माझा संशय मास्तरवर आहे. मास्तर आमचा कीबोर्डवाला. घरी क्लास चालवतो, पोरांना सारेगम शिकवतो आणि मोठ्यांशीही त्याच सुरात बोलतो. स्टेजवर त्याची जागा माझ्या शेजारी, बोर्डपासून दोन पावलांवर. आज तो वाकलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, "दादा, चार्जर पडला होता." चार्जर खिशात असतो, जमिनीवर नाही.

लेकीलाही सावध केलं. लेक आमची गायिका. बँडमधलं सोन्यासारखं काही असेल तर तिचा गळा. म्हटलं, मास्तरवर लक्ष ठेव. ती म्हणाली, "बाबा, कशाला उगाच?" मवाळ आहे. आईवर गेली आहे.

शनिवार, २३ सप्टेंबर

हॉटेल, छोटा बोर्ड. टोन लावताना दोन, काढताना बारा. पण आजचा गुन्हा वेगळाच.

सोलोच्या ऐन भरात उजव्या टोकाला पाय मारला. मोठ्या बोर्डवर तिथे बूस्टर असतो, दाबला की गिटार वर चढते. आज दाबलं आणि गिटार गप्प. ट्यूनर! ट्यूनरवर पाय पडला की आवाज बंद होतो, तारा जुळवतानाची किणकिण लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. तीन टेबलांवरची माणसं काटे-चमचे हवेत धरून माझ्याकडे बघत होती. मास्तरने लगेच कीबोर्डवर सोलो उचलला. किती तत्पर! तयारीतच होता.

ट्यूनर उजव्या टोकाला कोणी सरकवला? मी स्टेजवरच विचारलं. मेहुणा म्हणाला, "भावजी, पुढचं गाणं." बासवाला, जो वर्षाला चार वाक्यं बोलतो, तो बुटांकडे बघत उभा. लेक म्हणाली, "तुम्हीच सरकवला असेल हो." मी! माझ्या बोर्डवर! बाप आहे तिचा म्हणून ऐकून घेतलं.

बुधवार, २७ सप्टेंबर

टीव्हीवरून भांडण. बायको म्हणते शेजारी तक्रार करतात. मी म्हटलं, आजकालचे नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, त्यांच्याकडे तक्रार करा.

शनिवारसाठी सापळा रचला आहे. बुटांचं काळं पॉलिश. टोनच्या नॉबच्या कडेला पातळ लावायचं. दिसणार नाही, पण बोटाला लागणार. मनातल्या मनात हसतोय. बरेच दिवसांनी बरं वाटतंय.

शनिवार, ३० सप्टेंबर

मोठं सभागृह, मोठा बोर्ड. टोन लावताना अडीच, काढताना बारा.

सापडला!

कार्यक्रम संपल्यावर सगळे केबल गुंडाळत होते तेव्हा कीबोर्डशी गेलो. एकाच पट्टीवर डाग, अंगठ्याएवढा, काळा कुळकुळीत. पांढरी पाच. बाकी सगळ्या पट्ट्या स्वच्छ. मास्तरचे हातही स्वच्छ होते, म्हणजे धुऊन आला. पण पट्टी पुसायची राहिली. लेकीच्या माइकवरही डाग होता. म्हणजे तिचा माइकसुद्धा सोडला नाही त्याने. तिथे काय करायचं होतं कोण जाणे.

कोणाला काही बोललो नाही. उद्या सरावाच्या खोलीत, सगळ्यांसमोर.

रविवार, १ ऑक्टोबर

शब्दशः लिहितो, कारण पुढे कोणी शब्द फिरवेल.

वही उघडली आणि तारखा वाचल्या. लावताना एक, काढताना बारा. लावताना दीड, काढताना बारा. सगळं वाचलं. मग पॉलिशचं सांगितलं, मास्तरच्या कीबोर्डचं कव्हर काढलं आणि पांढऱ्या पाचवर बोट ठेवलं. डाग अजून होता.

"हे काय आहे? बोल!"

मास्तरने पट्टीकडे बघितलं. मग माझ्यामागे कुठेतरी बघितलं. मागे लेक उभी होती, बाटलीतून पाणी पीत होती. इतका वेळ पीत होती की वाटलं हिला ठसका लागेल.

"हो," मास्तर म्हणाला, "मीच फिरवला."

"का?"

"कर्कश वाटत होता."

माझ्या आवाजाला कर्कश! मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. त्याच्या क्लासवर बोललो, त्याच्या शिकवण्यावर बोललो, त्याच्या डाव्या हातावरसुद्धा बोललो. शेवटी म्हटलं, एक तर हा राहील किंवा मी. मेहुणा "भावजी, भावजी" करत राहिला. मास्तरने त्याला निवडायचा त्रासच दिला नाही. कीबोर्ड पिशवीत घातला, स्टँड दुमडला, निघाला. लेक स्टँडचं एक टोक धरून त्याच्याबरोबर जिना उतरली आणि अर्ध्या तासाने वर आली. डोळे लाल. विश्वासघाताचा त्रास तिलाही होणारच.

जिंकलो. घरी येऊन हिरवं पेडल फडक्याने पुसलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

शनिवारी वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम. नव्या सभागृहाचं उद्घाटन आहे, हजार खुर्च्या. तिथल्या व्यवस्थापकाला आवडलं तर वर्षभर दर महिन्याला आम्हीच. मेहुणा सारखा फोन करून म्हणतो, कीबोर्डशिवाय पोकळ वाटेल. मी म्हटलं, पोकळी मी भरतो. आता सगळी जागा माझी.

मोठा बोर्ड मांडला. पुसून ठेवलेलं हिरवं त्यावर चिकटवलं. घरी वाजवून बघितलं तर टोन तीनवरसुद्धा मेलेला. नव्या तारा घातल्या, तरी तेच. केबल बदलली, तरी तेच. शेवटी चारवर गेलो तेव्हा कुठे जुनी धार सापडली. मास्तरने आत काहीतरी बिघडवून ठेवलंय, नक्की.

लेक दारात येऊन म्हणाली, "बाबा, शनिवारी टोन थोडा कमी ठेवाल?"

"का?"

"असंच."

"तुलाही त्या मास्तरने पढवलंय वाटतं."

ती गेली. दार आपटलं असावं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

शनिवार, १४ ऑक्टोबर, सकाळ

टोन लावताना चार. लावून झाल्यावर नॉबची टोपी उपसून खिशात टाकली. खाली नुसती गुळगुळीत दांडी राहते, ती बोटाने फिरत नाही. पक्कड लागते. आता कोण हात लावतो बघू.

रविवार, १५ ऑक्टोबर

झालं ते क्रमाने लिहितो.

पहिल्या गाण्याला पहिल्या रांगेतल्या एका बाईने दोन्ही हात कानांवर धरले. मी म्हटलं, लोकांना जिवंत वाद्याची सवय राहिलेली नाही. मग तिच्या शेजारच्याने धरले. साउंडवाला टेबलामागून हातवारे करत होता. मला वाटलं, आणखी चढव म्हणतोय. मी आवाज चढवला.

तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर, लेक गायची थांबली. माइक स्टँडला लावला आणि हजार माणसांसमोर चालत माझ्याकडे आली. माझ्या पायाशी बसली. सरळ हिरव्याकडे हात गेला तिचा, शोधावं लागलं नाही. टोपी नाही म्हटल्यावर ती दांडी नखांनी फिरवायला लागली. फिरेना. मग वर माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलली. ओठ हलले, मला काही कळलं नाही. मी वाजवत होतो.

ती उठली आणि ट्यूनरवर टाच ठेवली.

माझ्या हाताखाली तारा हलत होत्या आणि आवाज नव्हता. ती परत जागेवर गेली आणि नुसत्या ड्रम आणि बासवर पुढचं कडवं गायली. टाळ्या पडल्या. पुढची नऊ गाणीही तशीच झाली. मी गिटार गळ्यात घालून शेवटपर्यंत उभा राहिलो, कारण उतरायचा जिना तिच्या बाजूला होता.

आवरताना बासवाला जवळून गेला. म्हणाला, "बरं झालं." या वर्षीचं त्याचं पाचवं वाक्य.

टोन काढताना चार.

बुधवार, १८ ऑक्टोबर

तीन दिवस कोणाशी बोललेलो नाही. लेक घरात असते, मी खोलीत. जेवण दाराबाहेर ठेवलं जातं. बायको एकदा आत आली आणि समोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अहो, तुम्हाला घंटा ऐकू येत नाही. आधीची पण चांगली होती." मी तिला बाहेर जायला सांगितलं.

उद्या लेकीविरुद्ध सगळे मुद्दे काढणार आहे. वहीत सगळं आहे. स्वतःच्या बापाला हजार लोकांत मुका करते!

गुरुवार, १९ ऑक्टोबर

मुद्दे काढायला बसलो. पहिल्या पानापासून.

९ सप्टेंबरला माझ्याच अक्षरात लिहिलंय: ट्यूनर उजव्या टोकाला सरकवला. मीच सरकवला होता. दोन आठवड्यांनी त्याच जागेवर पाय मारून मी स्टेजवर सगळ्यांना जाब विचारला.

मग आकडे बघितले. मी आजवर फक्त काढतानाचे बघत होतो, कारण चोरी तिथे होती. तिथे शेवटची वेळ सोडली तर प्रत्येक वेळी बारा. आज लावतानाचा रकाना वरून खाली वाचला. एक. दीड. दोन. अडीच. चार. गालिचा, स्पीकर, तारा, केबल, प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाची तरी चूक. दीड महिन्यापूर्वी एकवर जे ऐकू यायचं ते मला आता चारवर ऐकू येतं. पेडल तेच आहे.

मग ३० सप्टेंबर. एकाच पट्टीवर डाग. पांढरी पाच.

लेक नऊ वर्षांची असताना मी तिला ती पट्टी दाखवली होती. म्हटलं होतं, हा तुझा सूर, कुठेही गेलीस तरी आधी हा घे. अजून प्रत्येक कार्यक्रमाआधी ती कीबोर्डशी जाते, अंगठ्याने पांढरी पाच दाबते, डोळे मिटून सूर घेते, मग माइक हातात घेते. आधी पट्टी, मग माइक. डागही त्याच दोन जागी होते. मी हे दर वेळी बघतो. मास्तरचा अंगठा त्या सुरावर एकटा कशाला जाईल? त्याची दहाही बोटं दहा पट्ट्यांवर असतात. हे मला कळायला हवं होतं, बाकी कोणाला नाही कळलं तरी.

चोर ती होती. दर कार्यक्रमाला ती मला लोकांच्या कानांत बसेल असा करून ठेवत होती, आणि मी तिच्यासमोर त्या माणसाला हाकललं.

मला भीती वाटतेय. कानांची वाटते, पण ती नंतर. आधी दार उघडून तिच्या खोलीपर्यंत जायची वाटते.

सोमवार, २३ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ त्यांनी सुरू करायची वाट बघत बसलो. त्यांनी नंतर आलेख दाखवला. सुरू करून बारा मिनिटं झाली होती. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ जाते आणि मग जिन्यावरून पडल्यासारखी खाली. वरचे सूर गेले आहेत, परत येणार नाहीत. मशिन बसवा म्हणाल्या. मी उद्धटपणे बोललो त्यांच्याशी. त्यांनी मशिनसाठी पुढच्या महिन्याची वेळ दिली.

तिथून मास्तरकडे गेलो. त्याने दार अर्धंच उघडलं. आत क्लास चालू होता.

"माफी मागायला आलोय."

"मागा."

मागितली. त्याने ऐकून घेतली. आत या म्हणाला नाही.

"तू बोलला का नाहीस तेव्हा?"

"तुम्ही पट्टीवर बोट ठेवून किंचाळत होतात. ती बाटली तोंडाला लावून उभी होती. बाटली रिकामी होती, अहो. माझ्या पट्टीवर डाग कुणाचा ते मला तिथेच कळलं. तुम्हाला नाही कळलं." एवढं तो सावकाश बोलला, माझ्या तोंडाकडे बघून. म्हणजे माझ्या कानांचं यालाही माहीत होतं. "बापाला बहिरा ठरवायचं तिच्या जिवावर आलं होतं. मला चोर म्हणवून घेणं त्यापेक्षा सोपं वाटलं. तेव्हा वाटलं."

"परत ये."

"तुमच्या मेहुण्यांनी बोलावलंय. येणार आहे. तुमच्याशी बोलणार नाही."

"किती दिवस?"

"मी वहीत लिहीत नाही," म्हणाला, आणि दार लावलं. दादा म्हणाला नाही एकदाही.

शनिवार, २८ ऑक्टोबर

हॉटेल. ते नवं सभागृह आमच्या हातून गेलं.

मोठ्या बोर्डवरून हिरवं काढलं, छोट्यावर लावलं. ट्यूनर डावीकडे नेला. मग खिशातून नॉबची टोपी काढली आणि लेकीसमोर धरली. आठवडाभर आम्ही मीठ दे, पाणी दे एवढंच बोललो होतो. ती टोपीकडे बघत राहिली.

"लाव," म्हटलं. "मला कळत नाही किती ते."

हे एवढंच बोलायचं होतं, आणि त्याला नऊ दिवस लागले.

तिने टोपी दांडीवर दाबली. थोडं फिरवलं, लांब जाऊन ऐकलं, परत आली, परत फिरवलं. मास्तर पाठ करून उभा होता. तिने "बस" अशी हाताने खूण केली. मला तो आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा वाटला. भयानक वाटला. सांगितलं नाही. तिने जाऊन पांढरी पाच दाबली आणि आम्ही सुरू केलं.

कोणी कानांवर हात ठेवले नाहीत. एका टेबलावर एक माणूस बोटांनी ताल धरत होता.

टोन लावताना बारा (तिने). काढताना बारा.

मधले दोन तास मी काय वाजवलं ते मला ठाऊक नाही, तिला ठाऊक आहे. गाडीत विचारावं म्हणून दोनदा तोंड उघडलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. गुणगुणत होती की काही बोलत होती, मला कळलं नाही, आणि मी तसाच गाडी चालवत राहिलो.

घरी आल्यावर बूट काढताना ती म्हणाली, "बाबा, मी गाडीत तुम्हाला काहीतरी विचारलं होतं."

मी तिच्या समोर जाऊन उभा राहिलो, तोंड दिसेल असा.

"पुन्हा विचार," म्हटलं.